पहुडलेला सिंह: 'रू' की 'ल'?

तुमच्या मुलीचं नाव लीला. नातेवाइकांनी कैरोहून पपायरसचा कागद आणला. त्यावर लंबगोल चौकटीत तिचं नाव आहे: पहुडलेला सिंह, बोरूची दोन पाती, पुन्हा सिंह आणि शेवटी गिधाड. मग तुम्ही व्याकरणाचं पुस्तक उघडलंत, तर त्यात सिंहापुढे 'रू' छापलेलं, आणि एकेका व्यंजनाच्या २४ चिन्हांच्या तक्त्यात 'ल' कुठेच नाही. म्हणून तुम्ही विचारलंय की दुकानदाराने फसवलं की पुस्तक चुकलं? सिंह नेमका 'र'चा की 'ल'चा?

दोघंही बरोबर आहेत. फक्त दोघं वेगवेगळ्या काळांबद्दल बोलतायत, आणि त्या काळांमध्ये हजार-दीड हजार वर्षांचं अंतर आहे. तुमचं पुस्तक बहुधा मध्य इजिप्शियन भाषेचं असणार, कारण शिकवण्यासाठी तीच अवस्था घेतात. ती साधारण इ.स.पू. २००० नंतरची. दुकानदाराचा तक्ता मात्र टॉलेमी या ग्रीक घराण्यातल्या राजांच्या काळातल्या नावांवरून बनलेला आहे, म्हणजे इ.स.पू. तिसऱ्या शतकापासून पुढचा. मी गेली वीसेक वर्षं प्राचीन लिप्या वाचायला शिकवते, आणि या एका सिंहावर दरवर्षी एक अख्खा तास जातो. तो वाया जातो असं मला कधीच वाटलं नाही. इजिप्शियन लिपी कशी चालते हे त्या एका चिन्हातून जितकं कळतं, तितकं बाकीच्या तेवीस-चोवीस चिन्हांतून मिळूनही कळत नाही.

आधी चिन्हाची ओळख पक्की करू, कारण सिंह एक नाही, अनेक आहेत. ॲलन गार्डिनर यांनी आपल्या व्याकरणात (पहिली आवृत्ती १९२७) चिन्हांना अक्षर आणि क्रमांक दिले, तेच आजही सगळे वापरतात. सस्तन प्राण्यांचा गट 'ई'. त्यात ई २२ म्हणजे चालणारा सिंह आणि ई २३ म्हणजे पुढचे पाय पसरून बसलेला सिंह. आपला सिंह तो ई २३. याखेरीज प्राण्यांच्या अवयवांच्या गटात सिंहाचा फक्त पुढचा भाग दाखवणारं एक चिन्ह आहे: डोकं, आयाळ आणि पुढचे पाय. ते 'हात' असं वाचतात, आणि त्याचा अर्थ 'पुढचा भाग, अग्र'. राणी हातशेपसुतच्या नावाची सुरुवात याच चिन्हाने होते. तिच्या नावाचा अर्थच 'कुलीन स्त्रियांत अग्रणी'. नवशिके तिथे सिंहाचं तोंड बघतात आणि 'रू' वाचायला लागतात. प्राणी तोच, पण चिन्ह दुसरं आणि उच्चारही दुसरा. तेव्हा सिंह दिसला की आधी तो पूर्ण आहे का, आणि बसलेला आहे का, हे पाहायचं.

आता 'रू' कुठून आला? इजिप्शियन भाषेत सिंहासाठी जुना शब्द होता, त्याची व्यंजनं र आणि व. स्वर लिहायची पद्धतच नव्हती, त्यामुळे मधला स्वर कोणता ते चिन्हात नाही. आपण सोयीसाठी 'रू' म्हणतो. पिरॅमिडांच्या भिंतींवर कोरलेल्या मजकुरांमध्ये 'रूती' हे सिंहजोडीचं दैवत येतं, ते याच शब्दापासून. (पुढे बोलीत सिंहाला 'माई' हा दुसरा शब्द रूढ झाला, आणि कॉप्टिकमध्ये, म्हणजे इजिप्शियन भाषेच्या शेवटच्या अवस्थेत, तोच 'मूई' म्हणून टिकला. जुना शब्द मागे पडला, पण चिन्हाचा आवाज मात्र त्याचाच राहिला.) एकदा चित्राला आवाज मिळाला की लेखनिक ते चित्र सिंहाशी काडीचाही संबंध नसलेल्या शब्दात, केवळ र-व या व्यंजनजोडीसाठी वापरू शकतो. आपल्याकडे मुलं कोड्यात 'कान' आणि 'डोळा' काढून तिसराच शब्द ओळखायला लावतात, तीच युक्ती. फक्त इजिप्तमध्ये तिच्यावर तीन हजार वर्षांचं राज्य आणि धर्म चालला.

एकट्या 'र'साठी वेगळं चिन्ह होतंच: माणसाचं तोंड, डी २१. तोंडाला शब्दच 'र' होता. कॉप्टिकमध्ये तो 'रो' झाला. म्हणजे रोजच्या लिहिण्यात 'र' म्हटलं की तोंड, आणि 'र-व' म्हटलं की सिंह. मध्य इजिप्शियन शिकणाऱ्यासाठी गोष्ट इथेच संपते, आणि तुमच्या पुस्तकाने ती इथेच संपवली आहे.

खरा प्रश्न पुढे आहे: त्या तक्त्यात 'ल' का नाही? लोक फार पटकन निष्कर्ष काढतात की इजिप्शियन लोकांना 'ल' म्हणताच येत नव्हता. मला हे अजिबात पटत नाही. कॉप्टिक ही इजिप्शियन भाषेची शेवटची अवस्था. ग्रीक अक्षरांत आणि स्वरांसकट लिहिलेली, त्यामुळे उच्चार कळण्यासाठी तिच्याइतका चांगला साक्षीदार नाही. आणि कॉप्टिकमध्ये 'ल' भरपूर आहे, तोही घरच्या, रोजच्या शब्दांत. जीभ म्हणजे 'लास'. हा शब्द जुन्या चित्रलिपीत 'न-स' असा लिहिलेला आहे. अरबी 'लिसान' आणि हिब्रू 'लाशोन' शेजारी ठेवून बघा. या दूरच्या भावंडांत 'ल' आहे, कॉप्टिकमध्येही 'ल' आहे, आणि मधल्या जुन्या लेखनात मात्र 'न'चं चिन्ह. मला यातून एवढंच दिसतं की तोंडात बहुधा 'ल' होताच, पण लेखनिक त्याला 'न'च्या चिन्हाने लिहीत होता. दुसरा शब्द द्राक्षाचा. कॉप्टिकमध्ये 'एलोओले', आणि जुन्या लेखनात तोच शब्द दोन तोंडांनी, म्हणजे दोन 'र'नी लिहिलेला. इथे 'ल'ची जागा 'र'ने भरली.

म्हणजे ध्वनी होता, त्याला स्वतःचं घर नव्हतं. तो कधी 'न'च्या घरी राहिला, कधी 'र'च्या. आणि एक तिसरं घर आहे, ते ऐकून विद्यार्थी नेहमी चमकतात: गिधाडाचं. तुमच्या कागदावर 'आ' म्हणून शेवटी बसलेलं तेच गिधाड. बाराव्या घराण्याच्या आसपास इजिप्तमध्ये शत्रूंची नावं मडक्यांवर आणि मातीच्या बाहुल्यांवर लिहून ती फोडायची प्रथा होती; त्यांना शापलेख म्हणतात. त्यांत पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावरच्या अश्कलोन शहराचं नाव आहे, आणि त्यातला 'ल' गिधाडाने लिहिलेला आहे. तेव्हा गिधाडाचा आवाज 'आ' नव्हताच. ते एक खरं व्यंजन होतं, 'र-ल'च्या कुळातलं, घशाकडे किंवा जिभेच्या मागच्या बाजूला कुठेतरी घासणारं. पुढच्या काही शतकांत तो आवाज झिजत गेला. मग गिधाड रिकामं झालं, आणि कितीतरी नंतर ग्रीक नावांतला 'अ' लिहायच्या कामी आलं. 'गिधाड म्हणजे अ' हे वाक्य क्लिओपात्राच्या बाबतीत खरं आहे, पण तिच्या अठराशे वर्षं आधीच्या मडक्यावर ते साफ खोटं ठरतं.

गिधाडाचा आवाज गेला आणि परदेशी 'ल'ची अडचण पुन्हा उभी राहिली. नव्या राज्याच्या काळात, म्हणजे साधारण इ.स.पू. १५५० नंतर, इजिप्तचा सीरिया-पॅलेस्टाइनशी राबता इतका वाढला की गावांची, माणसांची, रथाच्या भागांची, खाद्यपदार्थांची परकी नावं रोज लिहावी लागत. त्यासाठी लेखनिकांनी चिन्हांचे ठरावीक गट करून परके शब्द लिहायची पद्धत वापरली. तिच्यात 'ल' कधी नुसत्या तोंडाने लिहिला, कधी 'न' आणि तोंड जोडून, आणि कधी आपल्या सिंहाने. इथे सिंह पहिल्यांदा 'ल'च्या शेजारी सातत्याने दिसू लागतो. पण अजून तो फक्त 'ल'चा नाही. सिंह 'रू'ही होता आणि 'लू'ही.

हा गोंधळ किती खरा होता, याचं एक उदाहरण मला फार आवडतं. १८९६ मध्ये पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांना थीब्जच्या पश्चिम काठावर, मर्नेप्ताह राजाच्या स्मृतिमंदिराच्या जागेवर एक मोठी शिळा सापडली. ती सुमारे इ.स.पू. १२०८ ची. तिच्या शेवटच्या ओळींमध्ये पराभूत केलेल्या शहरांची आणि लोकांची यादी आहे. जर्मन अभ्यासक विल्हेल्म श्पीगेलबेर्ग ती वाचत होते. एका नावापाशी ते अडले, कारण चिन्हं सरळ वाचली तर 'इसिरिआर' असं काहीतरी होत होतं. दोन्ही ठिकाणी तोंडच आहे, म्हणजे दोन्ही 'र'. पेट्रींनी ते ऐकलं आणि सुचवलं की हे 'इस्राएल' असणार. शेवटचं तोंड 'ल'साठी होतं. आज ही शिळा कैरोच्या संग्रहालयात आहे, आणि बायबलबाहेर इस्राएल या नावाचा बहुतेक अभ्यासकांना मान्य असलेला सर्वांत जुना उल्लेख म्हणून ती ओळखली जाते. इतकं मोठं नाव, आणि ते एका 'र'मागे लपलेल्या 'ल'मुळे जवळजवळ निसटलं होतं. तेव्हा एखाद्या चिन्हाचा आवाज कोणता, असं मला कोणी विचारलं की मी उलट विचारते: कोणत्या शतकात, आणि कोणत्या शब्दात?

आता येऊ तुमच्या सिंहाकडे, म्हणजे टॉलेमींच्या काळाकडे. अलेक्झांडरनंतर इजिप्तवर मॅसिडोनियन ग्रीक घराणं आलं आणि ते इ.स.पू. ३० पर्यंत टिकलं. नवे राजे: प्तोलेमाइओस (म्हणजेच टॉलेमी), अलेक्सांद्रोस. नव्या राण्या: क्लिओपात्रा, बेरेनिके, अर्सिनोए. देवळांच्या भिंतींवर ही नावं कोरायची म्हणजे एकेक ध्वनी सुटा लिहावा लागणार, कारण या शब्दांना इजिप्शियन अर्थ नाही. 'क्लिओपात्रा'मध्ये 'ल' आणि 'र' दोन्ही, एकाच नावात. 'अलेक्सांद्रोस'मध्येही दोन्ही. आता एका चिन्हाने भागणार नव्हतं. लेखनिकांनी 'र' तोंडाकडे ठेवला आणि 'ल' सिंहाला दिला.

सिंहालाच का? माझं मत सांगते, ते मत म्हणूनच घ्या. तोंड हे चिन्ह भाषेत सगळीकडे लागतं: 'माणूस', 'नाव', 'सूर्य', 'कडे' या अर्थाचं शब्दयोगी, सगळ्यांत ते आहे. त्याचा आवाज बदलणं शक्यच नव्हतं. 'न'च्या लाटेचं तसंच; 'चा, ची, चे' तिच्यावरच चालतात. सिंह मात्र मोजक्या शब्दांत यायचा, आणि परक्या 'ल'शी त्याची हजार वर्षांची ओळख होती. हात रिकामे असलेला आणि काम माहीत असलेला तोच होता. बाजूलाच डेमोटिक या रोजच्या जलद लिपीतही 'ल'ला 'र'पासून वेगळं चिन्ह मिळालेलं होतं, म्हणजे हा भेद लेखनिकांच्या डोक्यात पक्का झालेला होता.

आणि या सिंहानेच पुढे सगळ्या चित्रलिपीचं दार उघडलं. रोझेटा शिळा १७९९ मध्ये रशीद गावाजवळ फ्रेंच सैनिकांना मिळाली. तिच्यावरचा ठराव इ.स.पू. १९६ चा, पाचव्या टॉलेमीच्या काळातला. चित्रलिपीचा वरचा भाग तुटलेला असल्याने उरलेल्या १४ ओळींत वाचता येण्याजोगं राजनाव एकच: प्तोलेमाइओस. ब्रिटिश शास्त्रज्ञ थॉमस यंग यांनी १८१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात त्याची फोड केली. पहिली चौकोनी बैठक म्हणजे 'प', भाकरीसारखं अर्धवर्तुळ म्हणजे 'त'. दोराच्या फासाला त्यांनी अनावश्यक ठरवलं, आणि सिंहाला 'लो' किंवा 'ओले' असं मूल्य दिलं. बघा, किती जवळ गेले होते! पण 'ओ' फासात आहे हे न कळल्याने तो त्यांनी सिंहाच्या अंगावर टाकला. शिवाय ही रीत फक्त परक्या नावांपुरती आहे, असं त्यांचं मत होतं.

पक्कं करायला दुसरं नाव हवं होतं. ते नाईलमधल्या फिली बेटावरच्या एका ओबेलिस्कवर, म्हणजे उंच निमुळत्या दगडी स्तंभावर होतं. इंग्रज प्रवासी विल्यम बँक्स यांनी तो इंग्लंडमधल्या डॉर्सेट परगण्यात किंग्स्टन लेसी या आपल्या घरी नेला. आजही तो तिथल्या बागेत उभा आहे. पायथ्याच्या ग्रीक लेखात टॉलेमी आणि क्लिओपात्रा ही नावं, आणि वरच्या दगडावर दोन कार्तूश, म्हणजे राजनावांच्या लंबगोल चौकटी. त्याचा छापील ठसा १८२२ च्या सुरुवातीला पॅरिसमध्ये फ्रेंच अभ्यासक झाँ-फ्राँस्वा शाँपोल्यों यांच्या हाती आला. हे वहीवर स्वतः करून बघा, मी विद्यार्थ्यांकडून नेहमी करून घेते. 'प्तोलेमाइस'मध्ये चौथ्या जागी सिंह. तो जर 'ल' असेल, तर 'क्लिओपात्रा'त दुसऱ्या जागी हवा. आहे. फास 'ओ' असेल तर तिसऱ्या जागेचा चौथ्या जागी हवा. आहे. बैठक 'प' असेल तर पहिल्या जागेची पाचव्या जागी हवी. आहे. शिवाय क्लिओपात्राच्या सहाव्या आणि नवव्या जागी तेच गिधाड, म्हणजे दोन्ही 'आ' जुळले. आठव्या जागी तोंड, म्हणजे 'र'. फक्त 'त'ला भाकरीऐवजी हाताचं चित्र निघालं, आणि शाँपोल्यों यांनी ओळखलं की एका ध्वनीला दोन चिन्हं असू शकतात. त्याच वर्षी २७ सप्टेंबरला पॅरिसच्या अकादमीत त्यांनी आपला शोध वाचून दाखवला.

ते अफाट बुद्धीचे होते, पण एक गोष्ट त्यांनी चुकीच्या कारणाने बरोबर ओळखली. चिन्हाचा ध्वनी त्या वस्तूच्या कॉप्टिक नावाच्या पहिल्या अक्षरावरून येतो, असं त्यांनी मानलं. तोंड 'रो' म्हणून 'र'. सिंह 'लाबोई' (कॉप्टिकमध्ये सिंहीण) म्हणून 'ल'. ऐकायला चपखल. प्रत्यक्षात सिंह 'ल'पर्यंत पोचला तो 'रू'च्या वाटेने, हे आपण वर पाहिलं. आणि आजकाल इंटरनेटवर जे सांगतात की इंग्रजी 'लायन' शब्दाच्या पहिल्या अक्षरावरून सिंह 'एल' झाला, ते तर पूर्णपणे विसरून जा. त्या भाषेचा या कहाणीत कुठेच हात नाही.

एक खबरदारी. टॉलेमी काळातही सिंह शंभर टक्के 'ल' झाला असं समजू नका. टॉलेमींनंतर आलेल्या रोमन सम्राटांचं 'ऑटोक्रातोर' हे बिरुद कोरतानाही 'र'साठी कधी तोंड, तर कधी सिंह वापरलेला दिसतो. त्या शब्दात 'ल' नाहीच. जुनी 'रू'ची आठवण हातात कुठेतरी उरलेली होती, किंवा कारागिराच्या बोलीतच 'र' आणि 'ल' पुरते वेगळे नव्हते. दुसरी शक्यता मला जास्त खरी वाटते, कारण कॉप्टिकच्या फयूम भागातल्या बोलीत नेमकं हेच आहे. इतरत्र माणूस 'रोमे', फयूममध्ये 'लोमी'. इतरत्र नाव 'रान', फयूममध्ये 'लेन'. इतर बोलींत 'र' असलेल्या कितीतरी शब्दांत त्या लोकांनी सरळ 'ल' म्हटला.

मराठी माणसाला हे परकं वाटायचं कारण नाही. 'रलयोरभेदः', र आणि ल यांत भेद मानू नये, असं संस्कृतच्या अभ्यासकांनीच म्हणून ठेवलं आहे. हरिद्रेची आपण हळद केली, चत्वारिंशत्‌चे चाळीस केले, अंगाराचा इंगळ केला. तिन्ही ठिकाणी 'र' गेला आणि 'ळ' आला, आणि आपल्याला त्याची जाणीवसुद्धा नाही. जीभ टाळूला एकदाच टेकवून सोडली की 'र', टेकवून ठेवून बाजूने वारा सोडला की 'ल'. दोघांची घरं इतकी लागून आहेत.

आणि इथे माझ्या मूळ कामातली, म्हणजे ब्राह्मीतली, एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. इजिप्तचे लेखनिक प्तोलेमाइओस हे नाव सिंहाने लिहीत होते, त्याच पिढीत ते नाव भारतातही खडकावर कोरलं गेलं. सम्राट अशोकाच्या तेराव्या शिलालेखात ग्रीक राजांची यादी आहे. त्यातला टॉलेमी हा दुसरा, फिलाडेल्फस. गिरनारच्या खडकावर त्याचं नाव 'तुरमायो' आहे. आजच्या पाकिस्तानातल्या शाहबाजगढीला खरोष्ठी लिपीत 'तुरमये'. दोन्हीकडे ग्रीक 'ल'चा 'र' झालेला! डेहराडूनजवळच्या कालसीला मात्र 'तुलमये' आहे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, वा, कालसीच्या लेखनिकाने मूळ उच्चार बरोबर पकडला. पण तसं नाही. कालसीची बोली राजाला 'लाजा' म्हणणारी; तिथे 'र' टिकतच नाही. त्याच यादीत अलेक्झांडर नावाच्या राजाचं शाहबाजगढीला 'अलिकसुदरो' आहे, आणि कालसीला शेवटचा 'र'ही 'ल' होऊन 'अलिक्यषुदले'. म्हणजे मूळ मसुद्यात 'तुरमाय' असं काही असलं तरीही कालसीला त्याचं 'तुलमय'च झालं असतं. ग्रीक 'ल' तिथे योगायोगाने परत आलेला असू शकतो. नाईलच्या काठी आणि यमुनेच्या काठी, एकाच राजाच्या एकाच अक्षरापाशी हात अडखळले.

ही चित्रलिपी पुढे आटत गेली. तारीख माहीत असलेला शेवटचा चित्रलिपी-लेख फिलीच्याच देवळात आहे, २४ ऑगस्ट ३९४ चा. म्हणजे 'ल'च्या नोकरीवर सिंह साधारण सातशे वर्षं होता. त्याआधी 'रू' म्हणून त्याची दोन हजारांहून जास्त वर्षं गेली होती.

आता प्रत्यक्ष लीलाच्या कागदाबद्दल. सिंह 'ल' म्हणून अगदी योग्य आहे. तिचं नाव क्लिओपात्राच्या काळच्या रीतीने लिहिलंय असं समजा. बोरूची दोन पाती 'ई-य'साठी, तीही बरोबर. प्तोलेमाइओसच्या नावात तीच आहेत. गिधाड 'आ'साठी, तेही क्लिओपात्रासारखंच. कोणी तुम्हाला सिंहाऐवजी तोंड घालून 'शुद्ध' करून देतो म्हणाला, तर ऐकू नका. मध्य इजिप्शियनच्या नियमाने ते चूक म्हणता येणार नाही, पण तोंडाने लिहिलेली लीला आजचा कोणीही वाचक 'रीरा' वाचेल. घरात कोणाचं नाव रमा किंवा रोहिणी असेल तर तिथे मात्र तोंडच हवं, सिंह नको. कमळ, मृणाल, निर्मळ अशा नावांतल्या 'ल' आणि 'ळ' दोन्हींना सिंह चालेल. 'ळ'साठी वेगळं काही शोधत बसू नका.

दोन गोष्टी तपासा. सगळे प्राणी आणि पक्षी एकाच दिशेला बघत असायला हवेत, आणि वाचायचं त्यांच्या तोंडाकडून. तुमचे दोन्ही सिंह डावीकडे बघत असतील तर नाव डावीकडून सुरू होतं. एक सिंह इकडे आणि एक तिकडे असेल तर ते नाव राहत नाही, ते क्षितिजावरच्या 'काल' आणि 'उद्या' या सिंहजोडीचं चित्र होतं, जे मृतांच्या पपायरसांवर पाठीला पाठ लावून बसलेलं असतं. दुसरं, लंबगोल कार्तूश ही राजा-राणीच्या नावाची चौकट होती. सामान्य बाईचं नाव चौकटीशिवाय लिहीत आणि शेवटी बसलेल्या स्त्रीचं छोटं चित्र काढत. त्याला उच्चार नाही, ते फक्त 'हे बाईचं नाव आहे' एवढं सांगतं. कागदावर जागा असेल तर गिधाडानंतर ती बसलेली स्त्री काढून घ्या, तोंड सिंहांच्याच दिशेला. चौकट आता पुसता येणार नाही, आणि लीलाला ती आवडली असेल तर ती राहिली म्हणून काही बिघडत नाही.